गिटची कुळकथा

पुण्यात काय किंवा पोर्टलंडमध्ये काय, नवा प्रोग्रॅमर कामाला लागला की पहिल्या काही दिवसांतच त्याची गाठ गिटशी पडते. कोडमध्ये कुणी, कधी, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारे हे साधन. त्याचे पैसे पडत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही. ते वापरणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट सांगितलीच जात नाही: गिट एका भांडणातून जन्मले, आणि भांडण होते नोंदवही कुणाच्या ताब्यात असावी याचे.

लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत असताना १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे गाभा, सुरू झाला. जगभरातले लोक ईमेलने पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे तुकडे, पाठवत आणि टोरवाल्ड्स ते तपासून आपल्या हाताने जोडत. दहा वर्षे हेच चालले. १९९८ च्या सुमारास लोक कुरकुरू लागले. पाठवलेला पॅच हरवे, उत्तर येत नसे, तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवावा लागे. सीव्हीएस नावाचे मोफत साधन तेव्हा सर्रास वापरात होते, पण टोरवाल्ड्सना ते मनापासून नावडते. त्यात साठा एकच आणि मध्यवर्ती. त्यात लिहिण्याची मुभा कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, यावरून प्रत्येक प्रकल्पात गट पडत.

लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचे बिटकीपर वेगळे होते. त्यात प्रत्येकाकडे आपापली पूर्ण प्रत असे. २००२ मध्ये टोरवाल्ड्सनी कर्नलसाठी ते घेतले आणि कामाचा वेग खरोखर वाढला. मॅकव्हॉय यांनी कर्नलच्या लोकांना ते फुकट वापरू दिले, त्यामागे त्यांची कळकळ होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण फुकट देताना अटी होत्या. बिटकीपरचा सोर्स कोड बंद. ते फुकट वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन बनवण्याच्या कामात हात घालायचा नाही. म्हणजे जगातल्या एका फार मोठ्या खुल्या प्रकल्पाचा इतिहास अशा पेटीत गेला, जिची किल्ली एका कंपनीच्या खिशात होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच जाहीर विरोध केला. काम सुरळीत चाललेले असताना असा इशारा कुणाला ऐकवत नाही, आणि तो ऐकला गेलाही नाही.

तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल या पेटीकडे वळले. मायक्रोसॉफ्टच्या फाइल शेअरिंगची भाषा बाहेरून निरखून साम्बा लिहिणारे ते हेच. बिटकीपरमध्ये साठलेली कर्नलच्या बदलांची माहिती बिटकीपरशिवायही वाचता यावी, एवढ्यासाठी ते एक छोटे साधन लिहीत होते. मॅकव्हॉय यांना हे अटींचा भंग वाटले. एप्रिल २००५ मध्ये त्यांनी फुकट आवृत्ती काढून घेतली. त्याच महिन्यात कॅनबेराच्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी श्रोत्यांना आपली युक्ती दाखवली. टेलनेटने बिटकीपरच्या सर्व्हरला जोडायचे आणि ‘हेल्प’ असे टाइप करायचे. सर्व्हर स्वतःच आज्ञांची यादी देत होता.

टोरवाल्ड्स त्या वेळी चिडले ते ट्रिजेल यांच्यावर. चांगले चाललेले साधन या माणसाने घालवले, असे ते उघड म्हणाले. मला इथे टोरवाल्ड्स चुकले असे ठामपणे वाटते. स्वतःच्याच कामाची नोंद वाचण्यासाठी दुसऱ्याची परवानगी लागत असेल तर दोष ती नोंद वाचू पाहणाऱ्याचा नसतो. स्टॉलमन यांनी त्या वर्षी लेख लिहून मॅकव्हॉय यांचे चक्क आभार मानले. सवलत काढून घेऊन त्यांनी कर्नलच्या लोकांची सुटका केली, असा त्यांचा रोख होता.

पुढचे दिवस विलक्षण आहेत. उपलब्ध मोफत साधनांपैकी एकही टोरवाल्ड्सच्या कामाला पुरेल इतके वेगवान नव्हते. एक पॅच जोडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये, ही त्यांची कसोटी. ३ एप्रिलला त्यांनी लिहायला घेतले आणि ७ एप्रिलला गिट स्वतःच्याच कोडची नोंद ठेवू लागले. महिनाअखेरीस ते सेकंदाला सहाहून अधिक पॅच जोडत होते. जूनमध्ये २.६.१२ हा कर्नल गिटच्या आधारावर बाहेर पडला. जुलैच्या शेवटी टोरवाल्ड्सनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. त्याच एप्रिलमध्ये, त्याच कारणाने, मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल लिहायला घेतले, हेही विसरू नये.

गिटची सगळी कल्पना टोरवाल्ड्सची नव्हती. मजकुरातूनच त्याची ओळख काढायची ही रीत मोनोटोन नावाच्या आधीच्या मोफत साधनात होती. गिट प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला चाळीस अक्षरांचा ठसा देते, आणि प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा असतो. त्यामुळे जुने एक अक्षर गुपचूप बदलले तरी पुढचे सगळे ठसे बिघडतात आणि चोरी उघडी पडते. शिवाय क्लोन, म्हणजे साठ्याची पूर्ण प्रत, करून घेणाऱ्याला आजचा कोड मिळतो तसा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहासही मिळतो. गावचे दप्तर एकट्या कुलकर्ण्याच्या वाड्यात न ठेवता त्याची नक्कल घरोघरी द्यावी, तसे हे झाले. प्रकल्पाचा प्रमुख उद्या मनमानी करू लागला तर लोक इतिहासासकट वेगळे निघू शकतात. हे त्यालाही ठाऊक असते, म्हणून तो जपून वागतो.

मग २००८ मध्ये गिटहब आले. गिटचे साठे ठेवायची सोय, त्याभोवती तक्रारी, चर्चा, सूचना, सगळे एका ठिकाणी. सोय मोठी होती, म्हणून लोक लोटले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना घेतले. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रॅमरांची खाती गिटहबने आवळली. त्यांच्या खासगी साठ्यांची दारे बंद झाली. स्वतःच्या संगणकावरचा क्लोन प्रत्येकाकडे राहिला, तो गिटच्या रचनेमुळे. पण कोडभोवतीची चर्चा गिटमध्ये नसते. अमुक बदल का केला, कुणी हरकत घेतली, कोणता दोष अजून उरला आहे, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर असते. इराणमधल्या खात्यांवरची ही बंधने सैल होण्यासाठी अमेरिकी सरकारचा परवाना मिळेपर्यंत २०२१ उजाडले.

म्हणजे २००५ ची लढाई निम्मीच जिंकली गेली आहे. कोडचा इतिहास सुटला, माणसांच्या बोलण्याचा इतिहास पुन्हा एका कंपनीच्या हाती गेला. बिटकीपरचा सोर्स कोडसुद्धा अखेर २०१६ मध्ये खुला झाला, पण तोवर त्याचे वापरकर्ते केव्हाच निघून गेले होते.

तुम्ही एखादा खुला प्रकल्प चालवत असाल, मग तो मराठी फाँटचा असो की शाळेच्या हजेरीचा, तर कोडबरोबर चर्चा आणि तक्रारींचीही प्रत नियमाने उतरवून आपल्याकडे ठेवा. गिटहबच्या एपीआयमधून ती काढता येते. कोडबर्गसारख्या बिनानफ्याच्या संस्थाही गिटचे साठे ठेवायला जागा देतात. प्रकल्प नवा असेल तर सुरुवात तिथेच करा. पसारा वाढल्यावर हलणे अवघड जाते.