आपण बसतो तिथे समुद्र होता

परवा सांगलीहून भाचा आला होता. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर शेंगदाणे खाताना म्हणाला, "मामा, इंग्रजांनी काय भारी बांधलंय!" बांधलं खरं, पण कसं ते ऐका.

तेव्हा इथे पाणीच होतं. मरीन लाइन्स, चर्नी रोडची रेल्वे अगदी किनाऱ्याने धावायची. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशांवर समुद्र भरायची कंपनी निघाली आणि १८६५ ला बाजार कोसळल्यावर बुडाली. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर लॉइडनी तीच योजना पुन्हा काढली. टाकलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात निसटायचा, खर्च मात्र फुगत जायचा. ठरली होती ११४५ एकर जमीन, झाली साधारण ४४०.

हा घोळ खुर्शीद नरिमन या पारशी वकिलाने चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, नरिमन सुटले. गंमत बघा, पुढे आणखी समुद्र भरून जो भाग केला, त्यालाच नाव दिलं नरिमन पॉइंट!

आता कोस्टल रोडलगत फिरायला नवी वाट झालीय. मीही जातो, वारा मस्त असतो. पण तोही भरावच. त्या मोकळ्या जमिनीवर उद्या काय उभं राहणार, हे आपण आत्ताच विचारायला हवं ना?

भाच्याला विचारलं, "नरिमन कोण, माहितीये?"

"बिल्डर असेल."