सेनापतीची वस्त्रे

वारज्याहून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असा जो रस्ता पश्चिमेकडे जातो, तो आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. त्याच्या टोकाला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, हेही आपण जाणतो. 1949 च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि 1955 च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तिचे प्रमुखपद भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्या अधिकाऱ्यांकडे आळीपाळीने जात आले आहे. एक अधिकारी पायउतार होतो, दुसरा खुर्चीवर बसतो. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि आपण पान उलटतो. आज त्या चार ओळींविषयीच बोलण्याचा आमचा विचार आहे.

सूत्रे देण्याघेण्याचा हा समारंभ असतो तरी कसा? जाणारा सेनानी आपल्या हातातील बॅटन येणाऱ्याच्या हाती देतो. मानवंदना होते. नवा सेनानी हुतात्म्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहतो. दक्षिण कमांडचे ठाणे आपल्या पुण्यात असल्यामुळे, येथील लष्करी स्मारकापाशी हा प्रसंग नेमाने घडतो. निवृत्त होणाऱ्याला निरोप देण्याची रीत मात्र फार गोड आहे. त्याच्या मोटारीला दोर बांधतात आणि हाताखालचे अधिकारी ती स्वतः ओढत फाटकापर्यंत नेतात. पुढाऱ्याच्या गाडीचे घोडे सोडून ती आपणच ओढण्याची हौस आपल्या लोकांनाही एके काळी होतीच. पण तेथे ती स्वागताची असे, येथे निरोपाची आहे. अमेरिकेच्या सैन्यात बॅटनऐवजी पलटणीचे निशाणच जुन्या अधिकाऱ्याच्या हातून नव्याच्या हाती जाते, आणि तेही सगळी पलटण समोर उभी असताना; हुकूम आजपासून कोणाचा, याविषयी शेवटच्या रांगेतल्या शिपायालाही शंका उरू नये म्हणून.

30 एप्रिल 2022 रोजी पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी नागपूरचे जनरल मनोज पांडे यांच्या हाती भूदलाची सूत्रे दिली. दोघेही मराठी, दोघेही याच खडकवासल्यात तयार झालेले. ते छायाचित्र आम्ही पाहिले आणि मनात आले, आपल्या जुन्या इतिहासात असे एखादे चित्र सापडेल काय? एक मराठा सेनापती दुसऱ्या मराठा सेनापतीच्या हाती, हसतमुखाने, आपला अधिकार देत आहे?

आम्ही नावे मोजत गेलो. नेताजी पालकर 1666 साली पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून पदावरून दूर झाले. त्यांच्या जागी आलेले प्रतापराव गुजर 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीला पडले. हंबीरराव मोहिते 1687 साली वाईजवळ पडले. म्हाळोजी घोरपडे 1689 साली संगमेश्वरी पडले. संताजींचे पद गेले, धनाजींना ते मिळाले, आणि धनाजी 1708 साली पदावर असतानाच वारले. त्यांचे पुत्र चंद्रसेन 1711 मध्ये शाहू महाराजांची बाजू सोडून गेले. खंडेराव दाभाडे 1729 साली वारले, त्यांचे पुत्र त्रिंबकराव 1 एप्रिल 1731 रोजी डभईला पडले. या सबंध मालिकेत देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे आहेत, असा प्रसंग आम्हांस आढळत नाही. जुना सेनापती बहुधा रणात पडलेला, नाही तर रुसलेला.

मग अधिकार जात कसा असे? तो धन्याच्या हातून जात असे, आणि त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण चिपळूणचे आहे. बहलोलखानाला हातचा सोडल्याबद्दल महाराजांनी प्रतापरावांना कठोर शब्द लिहिले. ते शब्द जिव्हारी लागून प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि गेले. राज्याभिषेक तोंडावर आलेला, फौज पोरकी झालेली, आणि खुद्द राजाच्या मनाला आपल्या पत्राची टोचणी. अशा वेळी महाराज रायगडी बसून नेमणुकीचा कागद धाडून मोकळे झाले नाहीत. सभासद सांगतो की ते चिपळुणास गेले, लष्कराची गणती केली, खजिना आणून तो लष्करात वाटला आणि हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनोबती सांगितली. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शिपायाची विचारपूस, मग शिपायाचा पगार, आणि मग शिपायाचा नवा धनी. आजच्या संचलनात जे साधायचे असते, ते त्या छावणीत साधले गेले.

पुढे राजा जिंजीला गेला, आणि ही धन्याची नजर तितकीशी जवळ राहिली नाही. संताजी आणि धनाजी ही जोडी आपण एका श्वासात उच्चारतो. पण सेनापतिपद एकाकडून काढून दुसऱ्याला दिल्यावर दोघांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या, आणि 1697 साली औरंगजेबाला धाक घालणारा संताजी नागोजी मान्यांच्या हातून मारला गेला. पद काढून घेण्याची रीत आपल्याकडे होती. पद उतरलेल्या माणसाने मानाने कोठे जायचे, याची रीत नव्हती. आमच्या मते खरी उणीव ती.

शाहूकालात वस्त्रांचा थाट वाढला. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे 1713 च्या नोव्हेंबरात मिळाली ती येथून फार दूर नव्हे, मांजरीच्या मुक्कामी. ते 2 एप्रिल 1720 रोजी सासवडला वारले, आणि पंधरा दिवसांतच, 17 एप्रिलला, मसूर येथे बाजीरावांना वस्त्रे मिळाली. दरबारातील वडीलधाऱ्यांची नाके मुरडली, पण निवड उत्तम ठरली. मात्र बापाचे पद पोराला हा पायंडा तेथे पडला, तो तळेगावच्या दाभाड्यांकडे गेल्यावर निराळाच झाला. डभईच्या लढाईत छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापती एकमेकांविरुद्ध लढले, सेनापती मारला गेला, आणि शाहू महाराजांनी त्याच्या धाकट्या भावाला, यशवंतरावांना, तीच वस्त्रे दिली. उमाबाईंचा शोक शांत करायचा होता, त्या घराण्याचा मान राखायचा होता. महाराजांच्या मनाचा मोठेपणा त्यात दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण सेनापतीची वस्त्रे त्या दिवशी सांत्वनाची वस्त्रे झाली. गुजरातेतील फौज आणि मुलूख हळूहळू दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांकडे गेला. तळेगावी किताब राहिला.

आता कोणी म्हणेल, आपल्या लोकांना बदलीची शिस्त ठाऊकच नव्हती. तसे मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र काढून पाहावे. गडाचा हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी, असा त्यात दंडक आहे. मुदती वेगवेगळ्या का? आम्हांस वाटते, सगळे एकदम बदलले तर गडावरचे पाणी कोठे, दारू किती, कोणता बुरूज कच्चा, हे सांगणारा जुना माणूस उरणार नाही. आणि कोणीच बदलला नाही तर गड त्याच्या घरचा होऊन बसेल. दोन्ही भये ओळखून केलेली ही योजना आहे. जिवंत, निरोगी, निर्दोष माणसाने मुदत भरली म्हणून उठावे आणि दुसऱ्या गडी जावे, त्यात अपमान नाही, ही कल्पना हवालदाराच्या पातळीवर आपल्याकडे लिहून ठेवलेली होती. सेनापतीच्या पातळीवर ती कधी चढली नाही.

ती चढलेली आपण आपल्याच काळात पाहिली. 15 जानेवारी 1949 रोजी जनरल रॉय बुचर या इंग्रज सेनापतीने जनरल करिअप्पांच्या हाती हिंदी सैन्य दिले, आणि तो दिवस आपण दरवर्षी सैन्यदिन म्हणून पाळतो. जिंकलेल्या लढाईच्या दिवशी नव्हे, एका माणसाने दुसऱ्याला सूत्रे दिली त्या दिवशी आपल्या सैन्याचा सण असावा, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

बॅटन हातात येते तो क्षण मात्र फार छोटा. त्याच्या आधी ठाण्यातील हत्यारे, वाहने, नकाशे, रोकड यांची मोजदाद होते, कागद होतात, आणि देणारा व घेणारा असे दोघेही त्यांवर सह्या करतात. सभासदाच्या बखरीतही मोहिमेवर निघताना आणि छावणीला परतताना लष्कराच्या चीजवस्तूंचा झाडा घेण्याची चाल सांगितली आहे. तो झाडा घेणारे कारकून कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. आज या रस्त्याच्या टोकाला, फाटकाच्या आत, ते काम करणारे कारकून आहेतच. नवा प्रमुख खुर्चीवर बसतो तो त्यांची यादी जुळल्यावर.