नवं, खंडेनवमी आणि पोस्त: दिंडोशी परिसरातील ऋण मानण्याच्या रीती

दिंडोशी हे साष्टी बेटावरचे जुने गाव. पूर्वेला आरे आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पश्चिमेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मालाड-गोरेगावची रेल्वे. शेती, गुरे, कारखाने, स्टुडिओ, बस आगार आणि उंच इमारती अशी कामाची सगळी रूपे या गावाच्या आसपास एकामागून एक येत गेली. प्रत्येक कामाबरोबर ऋण मानण्याची एक रीतही आली. या रीतींचे एक वैशिष्ट्य ठळक आहे. येथे कृतज्ञता कोणाच्या मनाच्या लहरीवर सोडलेली नव्हती. तिला तिथी ठरलेली होती, वस्तू ठरलेली होती आणि ती कोणी कोणाला द्यायची हेही ठरलेले होते.

सर्वांत जुनी रीत भाताची. साष्टीतली शेती पावसाच्या भातावर चालत असे आणि आश्विनात लोंब्या भरत. आरे आणि जंगलातल्या पाड्यांवरील वारल्यांमध्ये धान्य ही कणसरी, म्हणजे देवीच. नवे भात तिला आणि इतर देवांना दाखवल्याशिवाय तोंडी लावायचे नाही, हा दंडक. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनीही आपल्या गावची ‘नवं’ बांधण्याची चाल सोबत आणली: भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून दाराला आणि देव्हाऱ्याला बांधायच्या. दिंडोशीच्या चाळींत आणि इमारतींत भाताचे एकही खाचर उरलेले नाही. तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका टोपल्यांत आपट्याच्या डहाळ्या, झेंडू आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसतात आणि घाईत घरी निघालेले लोक त्या विकत घेतात. शेती गेल्यावरही दाराला लोंबी बांधावीशी वाटणे, ही या रीतीच्या बळाची मोठी खूण आहे.

ख्रिस्ती गावठाणांत हीच रीत आगेरा या नावाने पाळली जाते. वसईच्या तहाने 1534 साली साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि 1737-39 मध्ये मराठ्यांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्या दोन शतकांत ख्रिस्ती झालेल्या येथील कुणबी, कोळी, भंडारी कुटुंबांचे वंशज स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात आणि घरात मराठीचीच एक बोली बोलतात. मालाडच्या पश्चिमेकडील खारोडी, मार्वे, एरंगळ ही त्यांची गावे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या पेंढ्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग लोंब्या घरोघरी वाटल्या जातात. धर्म बदलला तरी पहिल्या पिकाचा मान बदलला नाही. जवळपास शेत नसेल तर पेंढ्या जिथे भात अजून पिकते अशा गावांतून मागवतात.

गुरांच्या बाबतीत या भागात एक विलक्षण योग जुळून येतो. आश्विन वद्य द्वादशीला बहुतेक मराठी घरांत वसुबारस असते. गाय-वासराची पूजा होते आणि अनेक घरी त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य असते. त्याच तिथीला वारली वाघबारस पाळतात. आरेतल्या पाड्यांजवळ वाघोबाची ठाणी आहेत. अशा ठाण्यांवर लाकडात किंवा दगडात वाघाबरोबर चंद्र-सूर्य कोरलेले असतात आणि त्यावर शेंदूर चढवलेला असतो. वर्षभर गुरे आणि माणसे राखली म्हणून वाघोबाला नारळ आणि कोंबडे दिले जाते. एकीकडे दूध देणाऱ्या गायीचे ऋण, दुसरीकडे जे नेऊ शकला असता पण ज्याने नेले नाही त्याचे ऋण. आरेत बिबट्यांचा वावर आजही आहे, त्यामुळे ही पूजा नुसती आठवण म्हणून उरलेली नाही. जनावराशी जमिनीची वाटणी करून राहण्याचा तो एक करार आहे, आणि शहराने त्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

याच जमिनीवर 1949 साली आरे दुग्ध वसाहत उभारण्यास सुरुवात झाली. शहरातले गोठे हलवून म्हशी येथे आणण्याची योजना दारा खुरोडी यांनी पुढे नेली. सुमारे 1,287 हेक्टरांवरील या वसाहतीचे उद्घाटन 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि 1963 साली खुरोडी यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुधाबद्दलचे ऋण मानले गेले ते असे. ज्या पाड्यांच्या भोवती ही वसाहत वसली, त्यांच्या वाट्याला मात्र पाण्यासाठी आणि विजेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणे आले. ऋणाची नोंद कोणाच्या नावावर होते आणि कोणाच्या नावावर होत नाही, हा प्रश्न तिथपासून या इतिहासात सतत दिसत राहतो.

हत्याराचे ऋण मानण्याचा दिवस म्हणजे खंडेनवमी, आश्विन शुद्ध नवमी. मराठेशाहीत दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत. पावसाळ्यात ठेवून दिलेली शस्त्रे त्याआधी घासूनपुसून पूजली जात. शेतकरी नांगर-कोयता पुजत, सुतार-लोहार आपली अवजारे. मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे गिरण्या वाढल्या तसे साचे आणि माग या पूजेत आले. गिरणगावात दसरा हा खात्याखात्याचा सण होता. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेक कामगार कुटुंबे उपनगरांत पांगली. मागांची पूजा थांबली. कांदिवली, मालाड, गोरेगावच्या कारखान्यांत आणि छोट्या गाळ्यांत यंत्रांची पूजा चालू राहिली.

अशा गाळ्यातली पूजा साधी असते. आदल्या संध्याकाळी काम लवकर थांबते. लेथवरचा लोखंडाचा कीस झाडतात, रॉकेलच्या बोळ्याने तेलकट थर पुसतात. पाने, हातोडी, पक्कड, कानस, छिन्नी हे सगळे धुऊन एका पाटावर ओळीने मांडले जाते. त्यात जुना, झिजलेला, आता वापरात नसलेला एखादा पानाही ठेवला जातो. हळदकुंकू, झेंडू, नारळ आणि पेढे. यंत्राचे बटण बंद, आणि पूजा उठेपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर न थांबणाऱ्या यंत्राला एक दिवस विश्रांती मिळते आणि त्याच निमित्ताने त्याची कसून सफाईही होते. दिंडोशीच्या बेस्ट आगारात आणि रिक्षा स्टँडांवर हार गाड्यांना चढतात. चित्रपटाच्या धंद्याने हीच वृत्ती मुहूर्ताच्या नारळात आणली. मालाडला 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज, गोरेगावला 1943 मध्ये फिल्मिस्तान आणि दिंडोशीला लागून 1977 मध्ये उभी राहिलेली चित्रनगरी अशी या भागाची परंपरा आहे. कॅमेऱ्याला हार घालून नारळ फोडल्याशिवाय पहिला शॉट होत नाही, आणि त्या नारळाचा प्रसाद नायकापासून स्पॉटबॉयपर्यंत सर्वांच्या हातावर पडतो.

धान्य, जनावर, अवजार यांच्यानंतर प्रश्न येतो तो राबणाऱ्या माणसाचा. गावगाड्यात तो बलुत्याने सोडवलेला होता. खळ्यावर रास झाली की बलुतेदार आपला वाटा नेत आणि तो हक्काचा असे, जरी त्या हक्काबरोबर जातीची उतरंडही घट्ट बांधलेली होती. शहरात बलुते गेले आणि त्या जागी दिवाळीची पोस्त आली. झाडूवाला, पोस्टमन, दूधवाला, पेपरवाला, पहारेकरी असे सगळे दिवाळीत दारी येतात आणि त्यांच्या हातावर काही पैसे, एखादा फराळाचा पुडा ठेवला जातो. रक्कम घरागणिक बदलते आणि न दिल्यास दाद मागायची सोय नसते.

कारखान्यांत हीच गोष्ट बोनसच्या रूपाने आली. पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. 1923 साली तो नाकारला गेला, तेव्हा जानेवारी 1924 मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नसल्याचा निर्वाळा दिला. मालकाची मर्जी की कामगाराचा हक्क, हा वाद त्यानंतर चार दशके चालला. 1950 मध्ये लेबर अपेलेट ट्रायब्युनलने हिशेबाचे सूत्र घालून दिले आणि 1965 साली बोनस प्रदान कायदा झाला. त्याखाली पुढे किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के बोनस देणे बंधनकारक झाले. मनापासून दिलेल्या भेटीची ऊब कायद्यात नसते, हे खरे. पण मंदीच्या वर्षी कामगाराच्या घरी दिवाळी झाली ती त्या कायद्यामुळे, आणि म्हणून 1924 च्या हरलेल्या संपाचे मोल मोठे आहे.

दिंडोशीच्या आजच्या वस्तीत हक्काचा बोनस आणि मर्जीची पोस्त या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या आधारे येथे जमीन मिळवली आणि मध्यम व अल्प उत्पन्न गटांसाठी हजारो घरे उभारली. या घरांतले अनेक नोकरदार दरवर्षी कायद्याने ठरलेला बोनस घेतात. त्यांच्याकडे धुणीभांडी करायला संतोष नगर, कुरार, आप्पा पाडा येथून बायका येतात. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, त्याखाली नोंदणी आणि काही साहाय्य मिळू शकते. बोनसची सक्ती मात्र साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होते, घरांना नाही. म्हणून घरकाम करणाऱ्या बाईची दिवाळी आजही पोस्तेवरच ठरते.