ग्लासगोच्या एका पॅरिशचे जुने खेळगडी

महोत्सवाच्या प्रसंगीं देऊळ बांधणाऱ्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों, आणि तें योग्यच आहे. परंतु पॅरिशची आठवण देवळाच्या भिंतींतच राहते असें नाहीं. कधीं कधीं ती खेळाच्या मैदानावरही राहते. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं असें घडलें आहे. तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत दुष्काळ व दारिद्र्य यांमुळें आयर्लंड सोडलेलीं पुष्कळ कॅथोलिक कुटुंबें या शहराच्या पूर्वभागांत येऊन राहिलीं. मजुरी तुटपुंजी, वस्ती दाट आणि मुलें अर्धपोटीं, अशी त्यांची स्थिति होती. मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनीं यावर एक उपाय योजिला. 6 नोव्हेंबर 1887 रोजीं सेंट मेरी पॅरिशच्या सभागृहांत 'सेल्टिक' या फुटबॉल मंडळाची स्थापना झाली. सामन्यांच्या उत्पन्नांतून गरीब मुलांना जेवण मिळावें, हा तिचा हेतु होता. 28 मे 1888 रोजीं झालेल्या पहिल्याच सामन्यांत सेल्टिकनें रेंजर्स संघास 5-2 असें हरविलें. पुढें 1892 सालीं ब्रदरांची लंडनला बदली झाली व 1897 सालीं मंडळाची मर्यादित कंपनी बनली. व्यवहार वाढला, पण मूळ हेतु मागें पडूं लागला.

तरीही लोकांनीं मंडळास आपलें मानण्याचें सोडलें नाहीं. याचें कारण, आमच्या मतें, जुन्या खेळगड्यांच्या आठवणी हेंच होय. बाप मुलास सांगतो, मुलगा नातवास सांगतो. 5 सप्टेंबर 1931 रोजीं रेंजर्सविरुद्ध खेळतांना गोलरक्षक जॉन थॉमसन प्रतिपक्षाच्या पायांशीं झेंपावला, डोक्यास जबर मार लागला आणि त्याच रात्रीं तो निवर्तला. वय अवघें 22 वर्षांचें. दोष कोणाचाच नव्हता. त्याच्या अंत्यविधीस कित्येक रसिक ग्लासगोहून कार्डेंडन गांवापर्यंत सुमारें 55 मैल पायीं चालत गेले. विशेष हें कीं, कॅथोलिकांचा हा लाडका गडी स्वतः प्रॉटेस्टंट होता.

आपल्या देशाचाही एक धागा या कथेंत आहे. 1936 सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळला. पायांत बूट नव्हते, नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. गॅल्स्टन संघाविरुद्ध सेल्टिकनें 7-1 असा विजय मिळविला. मायभूमीच्या ओढीनें सलीम लवकरच परतला. पण त्याचें अनवाणी कौशल्य तेथील लोक विसरले नाहींत.

25 मे 1967 रोजीं लिस्बन येथें सेल्टिकनें इटलीच्या इंटर संघास 2-1 असें हरवून युरोपियन चषक जिंकिला. त्या चमूंतील सारे खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारें 30 मैलांच्या आंत जन्मलेले होते. मार्गदर्शक जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होते. चषकाची गोष्ट सांगतांना वृद्ध रसिक आणखी एक गोष्ट हमखास सांगतात: कांहीं खेळाडूंचे खोटे दांत गोलरक्षक सिम्पसनच्या टोपींत ठेविलेले होते! शेजारचींच पोरें युरोप जिंकून आलीं, हा अभिमान त्या हंशामागें आहे.

अशा प्रेमाला द्वेषाची कीड लागूं शकते, हेंही सांगितलें पाहिजे. रेंजर्स व सेल्टिक यांच्या चाहत्यांत धर्माच्या नांवानें वैर माजलें, ही दुःखाची गोष्ट आहे. परंतु प्रॉटेस्टंट थॉमसन आणि मुसलमान सलीम यांस जी आठवण 'आमचा' म्हणते, तीच त्या वैरास खरें उत्तर होय. 1995 सालीं मंडळानें धर्मादाय निधि स्थापिला आणि 2005 सालीं मैदानाबाहेर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा उभा राहिला. उशिरां कां होईना, पण उपाशी मुलांचें ताट पुन्हां आठवलें.

आपणही या महोत्सवांत आपल्या जुन्या माणसांचीं नांवें घेऊं, तेव्हां तीं कोणासाठीं झिजलीं हेंही आठवूं या. तसें केलें तरच आपलें स्मरण प्रार्थनेच्या योग्यतेचें होईल.