खांदे आखडलेत? भिंतीला पाठ लावा, रोज पाच मिनिटे द्या

दुकानाचे बिलिंग असो, शिलाई मशीन असो की वडगाव-शहापूरचे यंत्रमाग, तासन्‌तास मान खाली घालून काम केले की खांदे पुढे येतात आणि पाठीला पोक येतो. मग माळ्यावरचा डबा काढतानाही कळ येते. यावर फिजिओथेरपिस्ट सांगतात तो एक साधा व्यायाम म्हणजे 'वॉल एंजल'. त्याला फक्त एक मोकळी भिंत लागते.

उपयोग कसा होतो?
हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या 180 अंशांच्या हालचालीत सुमारे 120 अंश खांद्याच्या सांध्याचे, तर 60 अंश पाठीवरच्या खांद्याच्या पात्याचे असतात. पोक काढून बसले की हे पाते पुढे झुकते आणि हात अडतो. एकदा पोक काढून आणि एकदा ताठ बसून हात वर करून पाहा, फरक लगेच कळेल.

असा करा
1. टाचा भिंतीपासून 10 ते 15 सेंटिमीटर पुढे ठेवा, गुडघे किंचित वाकवा.
2. पाठ आणि डोके भिंतीला टेकवा. डोके टेकत नसेल तर मागे घडी केलेला टॉवेल ठेवा.
3. कोपरे खांद्याच्या रेषेत वाकवून हातांची मागची बाजू भिंतीला लावा.
4. श्वास न रोखता हात सावकाश वर सरकवा, तसेच खाली आणा.
5. असे 8 ते 10 वेळा करा. थोडे थांबून पुन्हा एकदा.

इथे चूक होते
हात आणखी वर न्यायच्या नादात कंबरेची कमान होते. हात वर गेल्यासारखा वाटतो, पण वाकलेली असते कंबर. कंबरेमागे तळहात जाईल एवढी पोकळी चालते. ती वाढू लागली की तिथेच थांबा. मनगटे भिंतीला टेकत नसतील तर जोर लावू नका. ताण जाणवला तर चालेल, कळ येता कामा नये.

आधी डॉक्टरांना विचारा
दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर 'फ्रोझन शोल्डर' असू शकतो. तो 40 ते 60 या वयात आणि मधुमेहींमध्ये जास्त आढळतो. हाताला मुंग्या येत असतील, पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल किंवा खांद्याचे ऑपरेशन झाले असेल, तरी आधी तपासून घ्या. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर व्यायाम करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

चार दिवसांत पोक जाणार नाही. काही आठवडे नेमाने करा आणि कामातही दर अर्ध्या तासाने उठून खांदे मोकळे करा.