रिॲक्टचा परवाना आणि वर्डप्रेसचे आठ दिवस

संकेतस्थळाचा दर्शनी भाग उभारताना कोणते फ्रेमवर्क, कोणती लायब्ररी घ्यावी, हा वाद बहुधा वेग आणि सोय यांभोवती फिरतो. २०१७ साली मात्र तो एका छोट्या मजकुरावर येऊन ठेपला. हा धागा त्या मजकुराविषयी.

फेसबुकचे अभियंते जॉर्डन वॉक यांनी रचलेली रिॲक्ट ही लायब्ररी मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पडद्याचे लहान लहान घटक करायचे आणि माहिती बदलली की त्या घटकाचे रूप पुन्हा ठरवायचे, ही तिची मूळ कल्पना. आरंभी टिंगल झाली. मग प्रसार झाला.

२०१४ मध्ये तिच्या बीएसडी परवान्याला पेटंटविषयक जोडपत्र लागले. आशय असा: रिॲक्टसंबंधीची फेसबुकची पेटंटे तुम्ही वापरू शकता, पण तुम्ही फेसबुकवर पेटंटभंगाचा दावा लावलात, मग त्याचा रिॲक्टशी संबंध नसला तरी, ती मुभा आपोआप संपेल. (कॉपीराइटचा परवाना यात शाबूत राहत असे. पुढच्या गदारोळात हा भेद अनेकांच्या नजरेतून निसटला.) निरर्थक दाव्यांपासून बचाव, हे फेसबुकचे समर्थन.

जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने हा परवाना आपल्या प्रकल्पांसाठी वर्ज्य ठरवला. ऑगस्टमध्ये फेसबुकने बदलास नकार दिला.

आणि मग वर्डप्रेस. जगातील चतुर्थांशाहून अधिक संकेतस्थळे तेव्हा त्यावर चालत. त्याचा नवा संपादक, गुटेनबर्ग, रिॲक्टवरच घडत होता. रिॲक्टच्या अधिकृत स्वीकाराची घोषणाही लिहून तयार होती. १४ सप्टेंबरला मॅट मुलेनवेग यांनी ती बाजूला ठेवली आणि गुटेनबर्ग दुसऱ्या लायब्ररीत नव्याने लिहिण्याचे जाहीर केले. त्यांच्या कंपनीच्या वकिलांना हरकत नव्हती. मुलेनवेग यांची अडचण निराळी होती: वर्डप्रेस जे निवडेल, ते असंख्य लोकांच्या माथी न विचारता येणार होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच. व्ह्यू आणि प्रीॲक्ट यांची नावे चर्चेत होतीच.

२२ सप्टेंबरला फेसबुकने माघार घेतली. रिॲक्टला एमआयटी परवाना मिळणार, असे जाहीर झाले आणि २६ तारखेला रिॲक्ट १६ त्याच परवान्याखाली आले. गंमत अशी की एमआयटी परवान्यात पेटंट हा शब्दच नाही!

वर्डप्रेस अखेर रिॲक्टवरच राहिले, पण थोडे अंतर राखून. गुटेनबर्गने रिॲक्टवर स्वतःचा एक पातळ थर ठेवला. प्लगइन लिहिणाऱ्याने थेट रिॲक्टला नव्हे, वर्डप्रेसच्या त्या थराला हाक मारायची. उद्या खालची लायब्ररी बदलावी लागली, तर वरचे काम शक्यतो मोडू नये, हा त्यामागचा हिशेब. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेस ५.० मधून हा संपादक लोकांच्या हाती आला, त्या थरासकट.