बॅकवॉटर : अडलेल्या पाण्याचा शब्द

भिगवणला रोहित पक्षी बघायला निघालेला माणूस सहज सांगतो, ‘उजनीच्या बॅकवॉटरला चाललोय.’ हाच शब्द इंग्रजी वर्तमानपत्राने एखाद्या गावाला लावला, तर मात्र ते कौतुक नसतं. मागे पडलेलं, पेंगुळलेलं, जगाची खबर नसलेलं ठिकाण, असा त्याचा सूर असतो.

इंग्रजीत हा शब्द आला १४व्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा अर्थ साधा होता : बांधाने अडून मागे तुंबलेलं पाणी. पाणचक्क्यांसाठी असे बांध तिकडे नद्यांवर घातलेले असतच. पुढे मुख्य धारेपासून सुटलेल्या संथ फाट्यालाही लोक बॅकवॉटर म्हणू लागले. धार शेजारून निघून जाते. इथे पडलेलं पान इथेच कुजतं. १९व्या शतकात, रेल्वेने वेगालाच मोठेपण दिलं त्या काळात, हा शब्द पाण्यावरून गावांवर आणि माणसांवर गेला.

इंग्रजी नजर नदीतून पाहते. धारेत नाही ते मागासलेलं. आपण रस्त्यावरून पाहतो, म्हणून आपलं गाव ‘आडवळणाचं’. तिथे जायला वाट वाकडी करावी लागते, एवढंच. गावातली माणसं निजली आहेत, असं तो शब्द म्हणत नाही. (साचलेपणावर राग काढायचाच तर आपल्याकडे ‘डबकं’ आहे.)

केरळात किनाऱ्यालगतच्या संथ जलाशयांना ‘कायल’ म्हणतात. वेंबनाड त्यातलं सर्वांत मोठं. इंग्रजीत त्यांचं ‘बॅकवॉटर्स’ झालं, आणि एरवी हिणवला जाणारा संथपणा हाउसबोटीवर रात्रीच्या भाड्याने मिळू लागला.

मराठीने मात्र गावाची शिवी घेतलीच नाही. आपण बॅकवॉटर म्हणतो ते धरणामागच्या पाण्याला, म्हणजे थेट १४व्या शतकातल्या अर्थाने. खरं तर त्याला आपला ‘फुगवटा’ होताच, आणि मला तोच जास्त नेमका वाटतो : अडवलेली नदी मागे फुगत जाते, हे त्यात दिसतं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमा अशीच फुगली आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. पाणी आणखी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं.